गावाची वस्तू गावातच

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१६ एप्रिल १९६४ रोजी मेक्सिको शहराच्या पूर्वेस असलेल्या कोआत्लिंचान या गावातून एक दगड हलविण्यात आला. दगड म्हणजे सुमारे सात मीटर उंचीची आणि १६७ टनांच्या आसपास वजनाची एक अखंड पाषाणमूर्ती होती. शतकानुशतके ती गावाजवळच्या ओढ्याच्या पात्रात आडवी पडलेली होती. ती पर्जन्यदेव त्लालोकची, की जलदेवतेची, याविषयी पंडितांत आजही एकमत नाही. गावकऱ्यांना त्या वादाशी कर्तव्य नव्हते. दगडाचा आणि पावसाचा संबंध आहे, एवढे त्यांना ठाऊक होते. राजधानीत त्या वेळी राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयाची भव्य इमारत उभी राहत होती आणि तिच्या दारात उभे करण्यासाठी शासनाला ही मूर्ती हवी होती. फेब्रुवारी महिन्यात मूर्ती वाहनावर चढविण्याची सिद्धता झाली, तेव्हा गावकऱ्यांनी रात्रीतून पोलादी दोर सैल केले आणि गाडीच्या चाकांतील हवा सोडून दिली. मग लष्कर आले. लष्कराच्या बंदोबस्तात मूर्ती राजधानीकडे निघाली. ती शहरात पोहोचली त्या रात्री पावसाचा हंगाम नसताना मुसळधार पाऊस कोसळला, ही हकीकत मेक्सिकोत आजही सांगितली जाते.

मराठी वाचकांना हा परिसर अगदीच परका नाही. गदर चळवळीतील क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे ज्या चापिंगोच्या कृषिविद्यालयात अध्यापक होते आणि जेथे त्यांनी मक्याच्या वाणांवर संशोधन केले, ते चापिंगो कोआत्लिंचानहून काही किलोमीटरांवर आहे. याच मुलखातील शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा चालविल्या होत्या.

मूर्तीच्या बदल्यात गावाला रस्ता, शाळा आणि आरोग्यकेंद्र मिळाले. शासनाच्या दृष्टीने व्यवहार पूर्ण झाला. वस्तुतः शाळा आणि दवाखाना या गोष्टी नागरिकाला नागरिक म्हणून मिळावयाच्या असतात. त्या मिळविण्यासाठी एखाद्या गावाला आपल्या ओढ्यातला देव द्यावा लागत असेल, तर त्या देवघेवीला व्यवहार म्हणता येणार नाही. राष्ट्र नावाच्या मोठ्या घटकाने छोट्या घटकाकडून त्याचा भूतकाळ उचलून न्यायचा आणि काचेच्या कपाटात ठेवून तोच पुन्हा त्याला तिकीट लावून दाखवायचा, हा प्रकार मेक्सिकोपुरता मर्यादित नाही. आपल्याकडील १८७८ चा निखातनिधीविषयक कायदा आठवावा. जमिनीत सापडलेल्या वस्तूची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल, तर कलेक्टरला वर्दी देणे त्याने बंधनकारक केले. शेतकऱ्याला त्यातून एवढेच उमगले की, नांगराला काही लागले तर त्याचा बोभाटा करू नये.

या पार्श्वभूमीवर, दोन दशकांनंतर त्याच मेक्सिकोच्या दक्षिणेस एका छोट्या गावाने जे केले, ते पाहण्यासारखे आहे. गावाचे नाव सांता आना देल वाये. वाहाका राज्यातील त्लाकोलुला या बाजारगावापासून ते चारेक किलोमीटरांवर, डोंगराच्या कुशीत वसलेले आहे. वस्ती दोन-अडीच हजारांची. लोक झापोतेक आदिवासी, त्यांची भाषाही झापोतेक. शेती कोरडवाहू आणि मुख्य पीक मका. पोटाला खरा आधार मिळतो तो मागाचा. पायांनी दाबून चालवायच्या हातमागावर सतरंजीच्या विणीचे लोकरी गालिचे विणणे हा तेथील घरोघरचा धंदा आहे. हा माग आणि मेंढी या दोन्ही गोष्टी स्पॅनिश लोकांनी आणल्या. रंग मात्र तेथलाच होता. निवडुंगावर वाढणाऱ्या कोशिनील किड्यापासून मिळणारा लाल रंग वसाहतकाळात वाहाकातून युरोपला जाई आणि मेक्सिकोच्या निर्यातीत चांदीच्या खालोखाल त्याचा क्रमांक लागे. एकोणिसाव्या शतकात कृत्रिम रंग निघाले आणि हा व्यापार बसला.

१९८५ साली या गावाच्या मध्यवर्ती चौकाच्या दुरुस्तीचे काम चालू असताना जमिनीखाली प्राचीन दफने सापडली. काम करणारे मजूर बाहेरचे नव्हते. ते गावकरीच होते आणि त्यांना मजुरी मिळत नव्हती. येथे थोडे थांबून त्यांची कामाची पद्धत समजून घ्यावी लागेल, कारण पुढील सर्व कथेचा पाया तीच आहे.

या गावांत प्रत्येक कुटुंबाने वर्षातून काही दिवस सार्वजनिक कामाला द्यावयाचे असतात. रस्ता, पाण्याची वाहिनी, शाळेची भिंत, असे जे काम निघेल ते करायचे. याला तेकियो म्हणतात. हा शब्द नाहुआत्ल भाषेतील ज्या शब्दापासून आला त्याचा अर्थ काम असाही होतो आणि कर असाही. आपल्याकडील सावड किंवा इर्जिक यांच्याशी त्याची तुलना करण्याचा मोह होईल, पण ती नेमकी होणार नाही. सावडीत आज माझ्या शेतावर तू, उद्या तुझ्या शेतावर मी, असा दोन घरांमधला हिशेब असतो. तसा हिशेब झापोतेकांकडेही आहे. त्याला ते गेलागेत्सा म्हणतात आणि लग्नकार्यात कोणी किती मका, किती कोंबड्या दिल्या हे वह्यांतून लिहून ठेवतात. तेकियो हे देणे मात्र घराने गावाला द्यावयाचे असते. ते चुकविणाऱ्याला दंड होतो. याच्या जोडीला गावसभा ज्याला ज्या कामावर नेमेल ते काम त्याने ठराविक मुदतीपर्यंत विनावेतन करायचे, अशीही रीत आहे. अशा नेमणुकीला स्पॅनिशमध्ये ‘कार्गो’ म्हणजे ओझे म्हणतात. आपण पदभार म्हणतो त्यातला भार आपल्या ध्यानात राहत नाही, त्यांच्या राहतो. शिपायापासून सरपंचापर्यंतची, देवळाच्या दिवाबत्तीपासून पाण्याच्या समितीपर्यंतची सर्व कामे याच रीतीने चालतात.

तेव्हा १९८५ साली चौकात जे सापडले ते ज्यांच्या कुदळीला लागले, त्यांची त्यावर दुहेरी भावना होती. पूर्वज आपले आणि खोदणारे हातही आपलेच. राष्ट्रीय मानवशास्त्र व इतिहास संस्थेचे पुरातत्त्वज्ञ आले, त्यांनी रीतसर उत्खनन केले. आता प्रश्न उभा राहिला की, या वस्तू जाणार कोठे? सरकारी संस्थेच्या कोठारात गेलेली वस्तू परत येत नाही, हे सर्वांना माहीत होते. गावसभा भरली. वस्तू गावातच राहाव्यात, त्यासाठी संग्रहालय करावे, असे ठरले.

कायदा काय म्हणत होता? १९७२ च्या मेक्सिकन कायद्याप्रमाणे स्पॅनिश आगमनापूर्वीची प्रत्येक वस्तू ही राष्ट्राची मालमत्ता असून ती कोणालाही विकता अथवा देता येत नाही. (प्राचीन वस्तूंविषयीचा भारताचा कायदाही १९७२ चाच आहे, हा योगायोग.) परंतु त्याच मेक्सिकन कायद्याच्या दुसऱ्या कलमात एक फट होती. प्राचीन वस्तूंची लूट थांबविण्यासाठी नागरिकांच्या संस्था, शेजारमंडळे आणि शेतकऱ्यांच्या संघटना यांना शासनाच्या साहाय्यक यंत्रणा म्हणून मान्यता द्यावी, असे ते कलम सांगते. प्राचीन वस्तूंच्या कायद्यात शेतकरी संघटनेचा उल्लेख यावा, हे मेक्सिकन क्रांतीचेच उरलेसुरले पुण्य म्हटले पाहिजे. मालकी राष्ट्राची आणि राखण गावाची, अशी विभागणी त्यामुळे शक्य झाली. मालकी आणि ताबा यांतील हा भेद कुळकायद्याच्या लढ्यात वाढलेल्या कार्यकर्त्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

वरच्या बाजूलाही काही हालचाल झाली होती, हे नमूद केले पाहिजे. मे १९७२ मध्ये, अलेंदे यांच्या राजवटीत, चिलीच्या सांतियागो शहरात युनेस्कोच्या पुढाकाराने लॅटिन अमेरिकेतील संग्रहालयांविषयी एक परिषद झाली. संग्रहालयाने समाजाच्या चालू प्रश्नांशी नाते जोडले पाहिजे, असा तिचा सूर होता. पुढच्याच वर्षी अलेंदे यांचा बळी गेला, पण तो विचार मेक्सिकोत रुजला. राजधानीच्या गरीब वस्त्यांत १९७३ पासून काही वर्षे संग्रहालयाचे प्रयोग झाले आणि १९८३ पासून राष्ट्रीय संस्थेने लोकसंग्रहालयांची एक योजनाच हाती घेतली. तथापि त्या वर्षांचा संदर्भ विसरून चालणार नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने परकीय कर्ज फेडण्यास असमर्थ असल्याचे जाहीर केले होते. तिजोरी रिकामी होती. जेव्हा सरकारजवळ पैसा नसतो, तेव्हा त्याला लोकांच्या स्वयंसेवेचे गुण अकस्मात दिसू लागतात. वरून आखलेली कित्येक लोकसंग्रहालये नेमलेला प्रवर्तक निघून गेल्यावर बंद पडली, यात आश्चर्य नाही.

सांता आनाचे संग्रहालय या गतीला गेले नाही. त्याचे कारण ते बांधले कसे गेले यात आहे. राष्ट्रीय संस्थेतील क्वाउतेमोक कामारेना आणि तेरेसा मोरालेस या दोघा मानवशास्त्रज्ञांनी गावाला साहाय्य केले. त्यांनी पुढे हीच पद्धत गावोगाव नेली आणि तिच्यावर लिहिलेही. पद्धत सांगायला साधी आणि करायला जिकिरीची आहे. संग्रहालय हवे की नको हे गावसभेने ठरवावयाचे. त्यात कोणते विषय मांडायचे हेही सभेनेच. मग सभेने नेमलेल्या समितीने म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन विचारपूस करायची, आठवणी लिहून घ्यायच्या, घरोघरच्या पेट्यांतली जुनी छायाचित्रे, हत्यारे, कपडे मागून आणायचे. मांडणीचे, सुतारकामाचे, रंगकामाचे तंत्र तज्ज्ञांनी शिकवायचे, पण काम गावाने करायचे. तज्ज्ञाला यात फार धीर धरावा लागतो. जे काम तो दोन महिन्यांत उरकील, त्यालाच सभेच्या गतीने कितीतरी अधिक वेळ लागतो. सार्वजनिक कामात वेळ वाचविणारा कार्यकर्ता पुष्कळदा त्या कामाचा लोकांशी असलेला धागाच तोडून ठेवतो, हे आपल्याकडेही कमी वेळा पाहिलेले नाही.

१९८६ साली चौकाच्या काठावर संग्रहालय उघडले. त्याचे नाव शान-दानी, म्हणजे झापोतेकमध्ये डोंगराचा पायथा. गावाचेही जुने नाव तेच. आत काय मांडले, यावरून गावाच्या मनाचा अदमास येतो. चौकाखाली सापडलेल्या प्राचीन वस्तू तर होत्याच. पण गावाने तेवढ्यावर थांबावयाचे नाकारले. मेक्सिकन क्रांतीच्या काळात गावाने काय सोसले, हा दुसरा विषय. तिसरा विणकामाचा. चौथा ‘पिसाऱ्याचा नाच’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नृत्याचा, ज्यात अझ्टेक राजा मोक्तेसुमा आणि स्पॅनिश सेनापती कोर्तेस यांचा संघर्ष नाचून दाखवितात. पुरातत्त्वज्ञाच्या लेखी थडग्याचे मोल नाचाच्या मुकुटाहून अधिक असते. गावाने दोन्ही एकाच छपराखाली ठेवले. क्रांतीच्या आठवणी सांगणारी माणसे तेव्हा सत्तरी-ऐंशीत होती. आणखी दहा वर्षे उशीर झाला असता, तर त्यातील बरेचसे त्यांच्याबरोबरच गेले असते.

येथपर्यंतची कथा ऐकून कोणाचाही ऊर भरून यावा. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचारावाच लागेल असा एक प्रश्न आहे: या फुकट श्रमाची किंमत कोणी मोजली? विणकर एक दिवस संग्रहालयाच्या दारात बसला, तर त्या दिवशी त्याच्या घरचा माग थांबतो. समितीवर नेमलेल्या माणसाला वेतन नाही. वाहाकातील अशा समित्यांची मुदत गावागणिक एक ते तीन वर्षे असते. ज्याच्या घरी दुसरा मिळवता हात आहे त्याला हे झेपते, ज्याच्या घरी नाही त्याला ते खरोखरच ओझे होते. शिवाय जमाखर्च आणि कागदपत्रे समजू लागेपर्यंत मुदत संपते आणि नवखी माणसे येतात. कार्यक्षमतेच्या कोणत्याही मापाने ही पद्धत तोट्याची ठरेल. मात्र तिच्यात एक नफा आहे, तो मापात सापडत नाही. वीस-तीस वर्षांत गावातील कितीतरी घरांतला कोणी ना कोणी त्या संग्रहालयाची किल्ली सांभाळून गेलेला असतो.

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जेफ्री कोहेन यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी या गावात राहून अभ्यास केला आणि १९९९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे निष्कर्ष भाबड्या कौतुकाला छेद देणारे आहेत. गावातले सहकार्य हे प्राचीन काळातून आपोआप वाहत आलेले नसून लोक ते रोज नव्याने, कुरकुरत, भांडत आणि हिशेब करत उभे करतात, असे ते दाखवितात. संग्रहालयाविषयीही गावात एकमुखी प्रेम नव्हते. ते पाहुण्यांसाठी आहे, आम्हांला त्याचा काय उपयोग, असे म्हणणारेही होते.

त्या उपयोगाचा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. सांता आनाच्या विणकराचा खरा प्रश्न शेजारच्या तेओतित्लान देल वाये या गावाशी बांधलेला होता. तेओतित्लान हे गालिच्यांच्या व्यापाराचे मोठे केंद्र. तेथील व्यापारी लोकर द्यायचे, नक्षी सांगायचे आणि सांता आनाच्या विणकराकडून ठरल्या दराने माल विणून घ्यायचे. परदेशी प्रवासी तेओतित्लानच्या दुकानापर्यंत येई, त्यापुढचा चढ चढून सांता आनाला कशाला जाईल? मालेगाव-इचलकरंजीच्या मजुरीवर विणणाऱ्या माणसाला ही साखळी नवी वाटणार नाही. संग्रहालय झाले की प्रवासी येतील, ते चौकातच माल घेतील आणि मधला माणूस सुटेल, अशी आशा गावाला होती. प्रवासी आले, थोडी विक्रीही झाली. पण मधला माणूस सुटला नाही. बाजाराची मुळे भांडवल, वाहतूक आणि ओळखीपाळखी यांत असतात, ती एका संग्रहालयाने उपटली जात नाहीत. संग्रहालयाकडून रोजगाराची अपेक्षा ज्यांनी लावून दिली, त्यांनी गावाशी पुरेसे प्रामाणिक बोलणे केले नाही, असे म्हणणे भाग आहे.

आणि माणसे बाहेर जातच राहिली. सांता आनातून कॅलिफोर्नियाला कामासाठी जाण्याची वाट जुनी आहे. ज्याचे नाव सभेने समितीसाठी पुकारावे, तो लॉस एंजेलिसच्या एखाद्या उपाहारगृहात भांडी घासत असतो. अशा वेळी कोणी परत येऊन सेवा बजावतो, कोणी आपल्या जागी दुसऱ्याला पैसे देऊन उभा करतो. सेवेला रोख पैशाचा पर्याय मिळाला की तेकियो या शब्दातला कर हा अर्थ वर येऊ लागतो आणि काम हा अर्थ मागे पडतो. याविषयी गावेही चिंतेत आहेत.

आणखी एक उणीव सांगितलीच पाहिजे. झापोतेक गावांच्या सभेत बसत ते मुख्यतः कुटुंबप्रमुख पुरुष. ‘गावाने ठरविले’ असे वाक्य वर अनेकदा आले, त्यातले अर्धे गाव त्या वेळी चुलीपाशी होते. पुढे काही ठिकाणी यात बदल झाला, स्त्रिया समित्यांवर आल्या, पण तो बदल संग्रहालयांमुळे झाला असे म्हणता येणार नाही. पुरुष परदेशी गेले आणि जागा रिकाम्या पडल्या, हेच कारण अधिक खरे.

तरीही सांता आनाचे पाहून इतर गावे पुढे आली, ही गोष्ट उरतेच. १९९१ मध्ये वाहाकातील अशा संग्रहालयांनी आपला संघ स्थापन केला. संघात प्रत्येक गावाच्या समितीचे प्रतिनिधी असतात आणि पुराव्यांची नोंद कशी करावी, कपाटे कशी बांधावीत, शासनाशी पत्रव्यवहार कसा करावा, हे गावे एकमेकांना शिकवितात. तेओतित्लाननेही १९९५ मध्ये आपले संग्रहालय उभारले. सान होसे मोगोते येथील संग्रहालयाचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. या गावाच्या जमिनीत मेसोअमेरिकेच्या प्राचीनतम वस्त्यांपैकी एक सापडली. केंट फ्लॅनरी आणि जॉइस मार्कस यांच्या उत्खननाने ते नाव जगभरच्या अभ्यासकांना परिचित झाले. गावाने संग्रहालयासाठी जागा निवडली ती जुन्या जमीनदाराच्या वाड्याची, जेथे त्यांचे आजे-पणजे बांधील मजूर म्हणून राबले होते. एका बाजूला अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची मातीची भांडी आणि दुसऱ्या बाजूला वाड्याची जमीन मिळविण्यासाठी गावाने केलेल्या झगड्याची कथा. राजधानीतील कोणत्याही संग्रहालयाने या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या नसत्या. एक पुरातत्त्व खात्याची, दुसरी जमीनसुधारणा खात्याची. गावाच्या दृष्टीने मात्र दोन्ही त्याच एका जमिनीची गोष्ट.

कोआत्लिंचानच्या दगडाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. तो आजही मेक्सिको शहरातील हमरस्त्यावर संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. तो पाहावयास तिकीट लागत नाही. २००७ मध्ये, म्हणजे मूर्ती गेल्यानंतर ४३ वर्षांनी, गावाच्या चौकात तिची तेवढ्याच भव्य आकाराची प्रतिकृती उभारण्यात आली. ओढ्याच्या ज्या पात्रात मूल मूर्ती आडवी पडलेली होती, ती जागा मात्र मोकळीच आहे, आणि गावातील वृद्ध माणसे नातवंडांना ती जागा दाखवायला घेऊन जातात.